घोरणाऱ्या बायकांचं वाक्य

शेपूट सरांना एका जागी बसलेलं आजवर कोणी पाहिलेलं नाही. जेवतानासुद्धा ते दोन घासांच्या मध्ये उठून खिडकीपाशी जाऊन येतात, आणि त्यांची बायको मुकाट्याने ताटावर झाकण ठेवते. रंगाच्या दुकानावरच्या खोलीत ते संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतात. तिथेही तेच. फळा ते दार, दार ते फळा. खाली दुकानदाराला वाटतं, वर कोणी फर्निचर हलवतंय.

शेपूट हे नाव वर्गानेच दिलेलं. इंग्रजीत नामाला 'हू' लावून जे उपवाक्य जोडतात, त्याला सर शेपूट म्हणतात. "आपण 'जी माणसं' अशी आधी वर्दी देतो, मग 'ती माणसं' येतात," असं ते चालता चालता सांगतात. "इंग्रजीला एवढा दम कुठला? आधी माणसं उभी करायची, लगेच मागे 'हू' म्हणून शेपूट लावायचं. हा 'हू' महाबेरकी. एक माणूस असो की पन्नास, याचं तोंड तेवढंच! तेव्हा त्याच्या मागे डोकावून बघायचं, किती जण उभे आहेत. बरेच असले, तर शेपटातलं क्रियापदही बऱ्याच जणांच्या मापाचं घ्यायचं. कळलं?"

कळायचं, कारण सरांची वाक्यं पुस्तकातली नसायची. खेळणारी मुलं आणि गाणारे पक्षी त्यांना सोसत नाहीत. ते गल्लीतली माणसं उचलायचे. जे घरमालक गळका नळ दुरुस्त करत नाहीत ते. जे न्हावी कात्री हातात धरून राजकारण करतात ते. वर्गातला न्हावी गोरामोरा व्हायचा, नर्स खो खो हसायची, आणि पुढच्याच वाक्यात फोनवर बोलत इंजेक्शन टोचणाऱ्या नर्सेस आल्या की तिचं हसू आटायचं. कोणी तोंड फुगवलंच तर सर हात वर करायचे. "अहो, मी कोणाचं नाव घेतलं का? अनेकवचन आहे!"

एकाबद्दल बोललं की चहाडी, अनेकांबद्दल बोललं की व्याकरण. या सोयीवर सरांचं बरं चाललं होतं.

मग एका संध्याकाळी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'विमेन हू स्नोअर ब्लेम देअर हजबंड्स.' म्हणजे ज्या बायका घोरतात, त्या आळ नवऱ्यांवर घालतात. वर्गाने बाकं बडवली. न्हाव्याने तर सूड उगवल्यासारखं ते दोनदा मोठ्याने वाचलं. आता या वर्गात एक टेलरताई आहे, सरांच्याच इमारतीत राहणारी. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी सरांच्या बायकोचे शिवायला दिलेले उशीचे अभ्रे द्यायला ती गेली, आणि अभ्र्यांसोबत वाक्यही देऊन आली. अर्थासकट.

सर घरात शिरले तेव्हा बायको दारातच उभी होती.

"गल्लीत घोरणाऱ्या बायका किती?"

"कसल्या बायका?"

"फळ्यावरच्या."

"अगं, ते उदाहरण होतं. सर्वसाधारण! अनेकवचन आहे ते."

"हो का? तुम्हाला बायका किती?"

सर खिडकीकडे गेले. तिथून परत आले.

"मी माझ्या सख्ख्या ताईकडे चालले," बायको म्हणाली. "काय म्हणायचं ते माझ्या तोंडावर म्हणायला आलात तर बघू परत यायचं की नाही ते. नाहीतर ताईची खोली मोठी आहे."

आणि ती गेली. सर घरभर भिरभिरू लागले. चहा टाकायचा आणि आंघोळीला जायचं, भांडं करपवायचं. कुलूप लावून जिना उतरायचा आणि लावलं का ते बघायला परत चढायचं. बायको कानात कापूस घालून झोपायची ती डबी उशाशी तशीच होती. ती त्यांनी कपाटात ठेवली, मग बाहेर काढली, मग पुन्हा ठेवली. गल्लीने काय ते ओळखलं. टेलरताईने तर "मी आपलं चांगलं वाक्य म्हणून सांगितलं हो" असं दारोदार सांगून उरल्यासुरल्यांनाही कळवलं.

वर्गात सरांनी पुस्तक उघडलं. जी मुलं खेळतात ती सुदृढ असतात. जे पक्षी गातात ते आनंदी असतात. नर्सला जांभई आली.

"सर, तब्येत बरी नाही का?" न्हाव्याने विचारलं. "हवं तर मला घ्या वाक्यात. मी नाही रागावणार."

त्या सहानुभूतीने सर हादरलेच. दुसऱ्या दिवशी वर्गाची वेळ व्हायच्या आतच ते मेव्हणीच्या घराकडे निघाले. रस्ताभर ओठ हलत होते. दोनदा वळण चुकले. घंटा वाजवली आणि दार उघडेपर्यंत तीनदा जिन्यापर्यंत जाऊन आले.

"या भावोजी," मेव्हणी म्हणाली. "उशीर केलात."

आत बायको पाठमोरी बसून शेंगा सोलत होती. मान वळली नाही. सरांनी घसा खाकरला.

"जे नवरे विचार न करता बोलतात, त्यांना..."

"ताई, किती जण आलेत गं?" बायको म्हणाली. "एवढ्यांचा चहा नाही व्हायचा."

मेव्हणीने पदर तोंडाला लावला. सर दारापर्यंत गेले, परत आले.

"माणसाच्या हातून चूक होते."

"कुठल्या माणसाच्या?"

"म्हणजे आपण सगळेच कधी ना कधी..."

"झालं! आता मलाही ओढलं त्यात."

सरांचे पाय आपोआप खिडकीकडे वळले. इथे खिडकीच्या जागी कपाट होतं. जायला जागाच नव्हती.

"मी," ते म्हणाले. शेंगा सोलायच्या थांबल्या. "मी घोरतो. तू नाही घोरत. मला माहीत होतं."

"मग तसं का लिहिलंत?"

"वर्ग हसतो म्हणून."

"कोणाला हसतो?"

सरांनी कपाळावरचा घाम पुसला. "तुला. तुला हसले ते. मी हसवलं."

आता ती वळली. डोळे लाल होते, पण आवाज खणखणीत. "टेलरताईसमोर म्हणाल हे?"

"म्हणेन."

"सगळ्या वर्गासमोर? त्या न्हाव्यासमोर?"

न्हाव्याचं नाव निघताच सर कासावीस झाले. कपाटाला हात लावून आले. "म्हणेन."

"बॅग भरायला वेळ लागेल मला."

"कसला वेळ?" मेव्हणीला राहवेना. "आली त्या दिवसापासून भरलेलीच आहे. रोज एक कपडा काढते, धुते, घडी घालून परत त्यातच! आणि जरा जिना वाजला की हातातलं काम टाकून दाराशी."

"ताई, तू गप्प बस!"

सरांनी बॅग उचलली आणि "चल घरी" म्हणत ते दाराकडे निघाले.

"तिकडे कुठे?" बायको चपला घालत म्हणाली. "आधी वर्ग."