आजोबांच्या चित्रातला हिरवा पडदा

आजोबांच्या तैलचित्राचे पोपडे निघायला लागले म्हणून मी ते सुभानपुऱ्यात जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे नेलं. डोक्यावर पगडी, संस्थानच्या नोकरीचा रुबाब, शेजारी भलामोठा हिरवा पडदा. बाईंनी आधी चित्राचा एक्स-रे काढला आणि मला बोलावून म्हणाल्या, "जुओ बेन, पडदो तो पाछळथी चीतरेलो छे." पडदा मागाहून रंगवलेला!

पडद्याखाली खुर्चीत एक बाई होती, मांडीवर मूल. जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असतं, ते एक्स-रेत उजळ दिसतं. त्यामुळे नथ, तन्मणी, कपाळ, सगळं लख्ख. ही आजोबांची पहिली बायको, आत्याची आई. दुसरी कोण असणार? माझी आजी दुसरेपणावर आलेली, आणि तिला झाकायची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

पहिलीला आत्या एकटीच. आता नव्वदीला आलीय. आई बाळंतपणातच गेली, तुझं तोंडही तिनं पाहिलं नाही, असंच तिला सांगितलेलं. घरातल्या बायका येताजाता 'आईला खाऊन आलेली' म्हणायच्या. सणावारी माझ्या आजीच्या गळ्यातल्या सवतीच्या टाकाला तिला नमस्कार करायला लावायचे, ही तुझी आई म्हणून. अंगठ्याएवढा सोन्याचा पत्रा, त्याला ना धड नाक ना डोळे! आणि तिच्या आईचा खरा चेहरा त्याच घरात भिंतीवर, रंगाखाली गाडलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वासण्याला राहणाऱ्या धाकट्या काकांना फोन केला. म्हणाले, "कशाला मढी उकरतेस? ताईला सांगू नकोस. या वयात सोसायचं नाही तिला."

सोसायचं नाही म्हणे. इतकी वर्षं ती काय करत होती मग? मी फोन ठेवला आणि एक्स-रे घेऊन तडक नागरवाड्यात आत्याकडे गेले. सगळं सांगितलं.

तिनं तो खिडकीशी उजेडात धरला. आईकडे बघेल असं मला वाटलं होतं. तिचं बोट मुलावर थांबलं. मूल मांडीवर ताठ बसलेलं, मुठीत आईचा तन्मणी.

"केवढं असेल गं हे?"

"आठ-नऊ महिन्यांचं तरी असेल, आत्या. नीट बसलंय."

तिनं त्या मुठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे मी नाही गं खाल्लं तिला."