रबरावरचे दात
रबराचा वास आला की माझे दात आपोआप आवळतात. ऐंशी सालाच्या आसपास, तलावात बुडालेल्यांना शोधून काढणाऱ्या पथकात मी मोठ्या ऐटीत शिकायला गेलो होतो. धरमपेठेतल्या पोहण्याच्या हौदाशी आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांनी माझ्या पाठीवर हवेची टाकी बांधली आणि तोंडात धरायचा रेग्युलेटर पुढे केला, तेव्हा माझ्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. “थुक गा तो आधी,” ते म्हणाले. मी शहाणा, अर्धाच थुंकलो. रेग्युलेटरच्या रबरावर कोणाचे तरी दात खोल उमटले होते. “माझ्या जोडीदाराचे,” उस्ताद म्हणाले. “टाकीतली हवा संपली, पन त्यानं दात नाही सोडले. तसाच सापडला मले.” पाण्याखाली गेल्यावर गालात उरलेल्या खर्र्यानं ठसका लागला; रेग्युलेटर निसटणार तोच उस्तादांनी तो तळहातानं दाबून धरला. त्यातच खोकलो, त्यातूनच श्वास घेतला. खोकला थांबला, आणि कानात घुमणारा श्वास मला ओळखीचा वाटेना. माझे दात त्या खाचांत नेमके बसले होते. परवा धंतोलीच्या दवाखान्यात ऑक्सिजनचा मास्क लावताना नर्स म्हणाली, “काका, दात काहून आवळून राहिले? हवा येऊन राहिली न.” ते दात माझेच आहेत, असं मला तिला खात्रीनं सांगता येईना.