टेकचंदची थंडी चाय

चायमध्ये झिंगे टाकणारा माणूस तुमी पाहिला काय? मी पाहिला. माझ्या कुंपणाच्या पल्याडच राहते. सुकलेले झिंगे तव्यावर भाजले, काळ्या चायमध्ये उकळले, गाळून फ्रिजमध्ये ठेवले, अन् दुसऱ्या दिवशी स्टीलच्या गिलासात घेऊन माझ्या दारात उभा. म्हणते, "वैनी, एक घोट घेऊन पाहा." मी म्हटलं, "भाऊजी, मले अजून जगाचं आहे. मांजरीले द्या." मांजरीनं वास घेतला अन् शेपटी वर करून निघून गेली. तिले अक्कल आहे.

हा टेकचंद. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत जन्मभर खाली उतरला, आता रिटायर आहे. मी चंद्रभागाबाई, त्याची शेजारीण. माझे मालक अन् तो एकाच पाळीत होते. मालक वयानं मोठे, म्हणून मी वैनी अन् तो भाऊजी. मालक गेले, पोरी आपापल्या घरी नांदून राहिल्या. कुंपणाच्या ह्या बाजूनं मी एकटी, त्या बाजूनं तो एकटा. गावाले वाटते, चला, दोघांले एकमेकांचा आधार आहे. आधार कायचा बाप्पा? डोक्याले ताप आहे नुसता.

त्याची एक नात आहे, टीना. त्याच्या पोराची, निकेशची पोरगी. पुण्याले कॉलेजात शिकते. सुट्टीत आली तवा तिनं आबाजीले थंडी चाय पेताना पाहिलं, घोट तोंडातल्या तोंडात घोळवताना पाहिलं, अन् मोबाइलमध्ये भरून घेतलं. लोकायले मजा वाटली. तवापासून तिच्याकडून पार्सल येते. काय एकेक चवीच्या चायची पाकिटं निघाली! रसमलाईची चाय. पुरणपोळीची चाय. पावभाजीची चाय. थंड्या पाण्यात पूड टाका, बर्फ टाका, हलवा, झालं. संध्याकाळी टेकचंद इस्त्रीचा शर्ट घालते, ओसरीतल्या माठाले मोबाइल टेकवते, अन् सुरू. "नमस्कार मंडळी. मी टेकचंद, चिखल्यावरून."

रसमलाईचा घोट घेतला, डोळे मिटले, अन् म्हणते, "मंडळी, ही रसमलाई नाही. रसमलाई खाऊन झाल्यावर वाटी विसळली, त्याचं हे पाणी आहे." पुरणपोळीची पेली तं म्हणते, "विलायची आली, गूळ आला. पुरण मात्र गोबरवाहीच्या टेशनावरच उतरलं वाटते." पावभाजीवाली पेऊन आधी गिलास हातभर लांब सरकवला. मंग म्हणाला, "ज्यानं हे बनवलं त्याचं भलं होवो, पण त्यानं दुसरं काम पाहावं." टोमॅटो अन् मिऱ्याच्या चायले मात्र चांगले मार्क देल्ले. "सर्दी असंन तं प्या. नसंन तं सर्दी होऊ द्या, मंग प्या." चीजकेक नावाची एक आली होती. मले चाखाले देल्ली. मी म्हटलं, "भाऊजी, ही नासली." तो म्हणते, "नाही वैनी, ही अशीच असते. नासल्यासारखी लागली म्हणजे बरोबर."

हसू येते ना? मलेही येये. कुंपणाजवळ भांडे घासता घासता मी पदरात तोंड घालून हासत राहो. पण एक गोष्ट माझ्या नजरेत बसली होती. बोलताना तो मोबाइलकडे पाहतच नाही. बाजूच्या भिंतीकडे पाहते, जिथं सुंदरबाई, त्याची बायको, तांदूळ निवडत बसे. अन् मोबाइल बंद झाला का त्या घरात एकदम सुनं होऊन जाते. एवढा बोलणारा माणूस, गिलास विसळते, खुर्ची आत नेते, मंग काही म्हणजे काही आवाज नाही. टीव्हीसुद्धा लावत नाही. मले त्या वेळी फार वाईट वाटते, खोटं कायले सांगू.

आता हे चव ओळखाचं खूळ कोठून आलं ते सांगतो. खाणीत खाली गरमी राहते. दूध टिकत नाही, म्हणून माणसं काळी चाय बाटलीत भरून नेत. जेवाच्या सुटीपर्यंत ती थंडी होऊन जाये. सगळ्याच बायका भरून देत, मीही देल्ली. साखर, पत्ती, झालं. सुंदरबाईले मात्र मस्तीच फार. ती रोज बाटलीत गुपचूप काहीतरी टाके. एक दिवस भाजलेलं जिरं, एक दिवस कैरीची फोड, कधी तुळशीच्या मंजिऱ्या, कधी चिमूटभर शेंदेमीठ, कधी शिऱ्यातून उरलेली चारोळी वाटून. टेकचंदनं खाली बसून ती चाय पेवाची, अन् घरी आल्यावर हातपाय धुवाच्या आधी सांगाचं, आज काय होतं. बरोबर निघालं तं तो जिंकला. चुकलं तं दुसऱ्या दिवशीचं पाणी त्यानं भराचं. अन् कायदा एकच, पेणारा "हरलो" म्हणत नाही तोपर्यंत टाकणाऱ्यानं सांगाचं नाही. आमी म्हणो, अवो, सून येवाची वेळ झाली, आता तरी सोडा हे पोरखेळ. सोडतात कायचे! सून आली, नात झाली, बाटली चालूच.

ज्या दिवशी सुंदरबाई गेली, त्या दिवशी सकाळी मी तिच्यासोबत होती. मोहफुलाचे दिवस. फटफटलं तवा आमी दोघी टोपल्या घेऊन निघालो, टोपल्या भरभरून गंज फुलं वेचली. घरी येऊन तिनं त्यातली मूठभर धुतली, चुरगळली अन् बाटलीत टाकली. मी म्हटलं, "अवो, हे तं लहान लेकरूही ओळखन!" तं हासली. म्हणते, "किती दिवसापासून हरून राहिला बिचारा. पाणी भरू भरू कंबर धरली त्याची. आज जिंकू दे." दुपारी भांडे घासता घासता तिच्या छातीत कळ आली अन् ती तिथंच बसली. तुमसरच्या दवाखान्यात न्यायाची गाडी येईपर्यंत सारं आटोपलं होतं. टेकचंदले खालून वर आणलं तवा त्याच्या हातात रिकामी बाटली होती. ती कोणाले घेऊ देये ना.

तेरवी झाली, पाहुणे गेले, निकेशही पुण्याले गेला. दुसऱ्या दिवशी टेकचंद माझ्या दारात आला. "वैनी, त्या दिवशी बाटलीत काय होतं, तुमाले माहीत आहे काय?"

"हो. आहे ना."

"सांगू नका. मी ओळखतो."

तवापासून हेच चालू आहे. टीनाचं पाकीट असो नाही तं घरचं काही असो, आधी मोबाइलपुढे पेते, मंग एक गिलास घेऊन माझ्याकडे येते. "वैनी, हे होतं काय?" मी म्हणतो, "नाही." तो म्हणते, "बरं." जांभूळ आणलं. शिंगाडा आणला. सांबार, म्हणजे हिरवी कोथिंबीर, आणला, जवस आणलं, आंब्याच्या कोयीचा गर आणला. झिंग्याचं तं सांगितलंच. मोहफूल सोडून जगातलं सारं माझ्या दारात येऊन गेलं. मले नवल वाटे. झाडीपट्टीतला माणूस, मोहाखाली खेळून लहानाचा मोठा झाला, अन् त्याले मोहफुलाची चव कळत नाही? रसमलाईची खोट काढणाऱ्याले? मले वाटलं, दुःखानं जीभच मेली त्याची.

अन् माझंही ऐका. तो यायाची वेळ झाली का मी आधीच दारात बसलेली राहो. दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस. मले फक्त "नाही" म्हणाचं राहे, पण म्हणाले तं भेटे. एखाद्या दिवशी तो आला नाही तं मले भाकर गोड लागे ना. तोंडावर मात्र मी त्याले रोज झापत राहो, "काय घेऊन आले आज? घाणेरडं असंन तं उंबऱ्याबाहेरच ठेवा."

ह्या पावसाळ्यात त्याले ताप आला. दार उघडंना, आवाज देईना. मी कुंपणाचा काटा सरकवून आत घुसली तं हा खाटेवर पडून, अंग भट्टी झालेलं. डॉक्टर आणला, पेज पाजली, उठून बसवला. पण निकेशच्या कानावर गेलं अन् पोट्टं घाबरलं. त्यानं मले फोन केला. मले तो मोठीमाय म्हणते. "मोठीमाय, मी बाबाले न्यायाले येऊन राहिलो. पण ते म्हणतात, सुंदराच्या बाटलीतलं ओळखल्याबिगर गाव सोडत नाही. आता हे काय आहे सांग? उद्या त्यायले काही झालं अन् तुलेही समजलं नाही तं? मोठीमाय, तुले माहीत आहे ना? सांगून टाक ना त्यायले."  मागून टीनाही म्हणे, "आजी, प्लीज." काय चुकीचं बोलत होते ते? मी विचार केला, माझंही आता वय झालं. मी गेली तं हे उत्तर माझ्यासोबतच जाईन, अन् हा बुढा एकटाच इथं गिलासं भरत बसन.

दुसऱ्या दिवशी तो आला. तापातून उठलेला, गालफडं बसलेली, पण शर्टाले इस्त्री. "गुलाबजामची आहे वैनी. आधी गोड लागते, मागून जराशी जळकी. हे होतं काय?"

माझं टाळकंच सरकलं. "अजी, डोकं फिरलं काय तुमचं? बाटलीत कोणी गुलाबजाम टाकते काय? मोहफूल होतं! मोहफूल! सारा गाव वेचून राहिला होता त्या दिवसात, अन् तुमाले समजू नाही? आंधळे का मुके? झालं? मिटलं आता? जा पुण्याले, पोराजवळ राहा, नातीशी बोला, माणसात या. कायले मरून राहिले इथं भिंतीशी बोलून?"

बोलून गेली अन् मंग माझाच हात माझ्या तोंडावर गेला. त्यानं गिलास ओसरीच्या काठावर ठेवला. रागावला नाही, काही नाही. म्हणते, "मले माहीत आहे वैनी."

"काय माहीत आहे?"

"पहिल्या घोटालेच समजलं होतं. खाली बसल्या बसल्या मी एकटाच हासलो. सोबतचे म्हणे, काय झालं बे टेकचंद? म्हटलं, आज जिंकलो. पाळी कधी सुटते अन् घरी जाऊन कधी सांगतो, असं झालं होतं मले. तेवढ्यात वरून बोलावणं आलं. कोणी काही सांगितलं नाही. मी आपला वर येईपर्यंत मनात घोकून राहिलो का दारातूनच ओरडीन." त्यानं गिलास काठावरून जरा आत सरकवला.  "आलो तं तिले अंगणात झोपवलं होतं. जवळ बसलो. गर्दी होती, बाया रडून राहिल्या होत्या. तिच्या कानात सांगावं म्हटलं. तोंडातून निघालंच नाही वैनी."

 इतके दिवस मी ह्या माणसाची जीभ मेली म्हणत होती. मी कशीबशी म्हटलं, "मंग मले कायले विचारत होते रोज? मोहफूल सोडून सारं कायले आणत होते?"

"तुमी नाही म्हणता ना, तं वाटते अजून सांगाचं बाकी आहे. आज नाही तं उद्या सांगीन तिले."

"आता तं मी बोलून टाकलं, भाऊजी." मले रडू आवरेना. "माझ्या तोंडाले काय झालं होतं, काय माहीत."

"तुमी बोलल्या," तो म्हणाला. "मी कोठं बोललो?"

त्यानं गिलास उचलला, गुलाबजामची चाय नालीत ओतली, अन् हळूहळू आपल्या घराकडे गेला. मी उंबऱ्यातच बसून राहिली. आत फोन वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजाले लागला. निकेशच होता.

"मोठीमाय, सांगितलं काय बाबाले? मी तिकीट काढू काय?"

पल्याड टेकचंद खुर्ची आत नेऊन राहिला होता. मी पदरानं नाक पुसलं. म्हटलं, "नाही रे बाबू. तुझ्या बापाले अजून ओळखता आलं नाही. अन् तो हरलो म्हणत नाही तोपर्यंत मी काही सांगत नाही. तुझ्या मायचा कायदा आहे तो."

पोट्टं माझ्यावर गंज चिडलं. चिडू दे.