थडग्यातली कापडं

निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळूनही लोक तिला अजून छावणीच म्हणत, तेव्हाची ही गोष्ट. मी शेजारच्या अंबरनाथच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी पेरू देशाच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन कापडांची आणि मडक्यांची चित्रं मुलांकडून काढवून घेतली होती. ती गावच्या वाचनालयात लावायची परवानगी मागायला आम्ही दोघं वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे गेलो.

मास्तरांनी सांगितलं, तो किनारा वाळवंटी आहे, पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीचे रंग टिकले.

"कापड सापडलं कुठे?" अध्यक्षांनी विचारलं.

"थडग्यांत. प्रेतांभोवती गुंडाळलेलं."

अध्यक्षांनी हातातलं चित्र टेबलावर टाकलं आणि बोटं धोतराला पुसली. "प्रेतावरचं वस्त्र कोणी घरात आणतं का, मास्तर?"

"हा कागद आहे, साहेब. रंग कल्याणच्या दुकानातले आहेत."

"मग तुमच्याच घरी लावा, देवघराशेजारी," चिटणीस म्हणाले. दोघंतिघं हसले.

एका सभासदाने सुचवलं की कापडं वगळावीत आणि माणसाच्या चेहऱ्यांची ती मडकी तेवढी लावावीत. अध्यक्षांना ते पटत आलं.

"मडकी तरी राहत्या घरातली ना?"

मी मास्तरांची बाही ओढली. ते नुसते हो म्हणाले असते, तर मुलांचं प्रदर्शन झालं असतं.

"नाही," मास्तर म्हणाले. "तीही थडग्यांतलीच."

टेबलावरची चित्रं उचलायला शिपायाने नकार दिला. ती आम्हीच गोळा केली.