खाली माग असलेली खोली

खोली बघायला निघालेल्या उषाबाईच्या पिशवीत वरवंटा होता. ललितने पिशवी उचलली आणि त्याच्या खांद्याला हिसकाच बसला.

"माय, हाई काय शे?"

"राहू दे," एवढंच ती म्हणाली. खोली पसंत व्हायच्या आधीच आईने गृहप्रवेश उरकायचं ठरवलेलं दिसतं, असं मनाशी म्हणून पोराने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. आईशी वाद घालून जिंकल्याचं त्याला आठवत नव्हतं.

उषाबाई पारोळ्याकडची. लग्न करून सुरतेला आली तेव्हापासून तिचा नवरा सुकदेव यंत्रमागावर रातपाळी करतो आणि दिवसा झोपतो. तिचं अर्धं आयुष्य "हळू बोला, आबा झोपलेत" म्हणण्यात गेलं. पोरांना तिने चिमटे काढले, शेजारणींशी भांडली, दुपारी कधी कांडण केलं नाही. आणि एवढं सगळं करून नवऱ्याचे कान गेले ते गेलेच! मागांच्या खडखडाटामुळे कारखान्यात सगळेच ओठ बघून बोलतात, म्हणून तिथे कुणाला पत्ता नव्हता. घरी तो "हं" म्हणून वेळ मारून न्यायचा. उषाबाईला कळलं होतं, पण तिनेही विषय काढला नाही. माणसाचा ताठा ती ओळखून होती.

मग गेल्या महिन्यात भरदुपारी तिला स्वयंपाकघरात दम लागला. जागचं हलता येईना. तिने हाक मारली, ताट आपटलं. दोन हात अंतरावर झोपलेला सुकदेव पाठ फिरवून घोरत राहिला. त्या दिवशी ललितला सुट्टी होती म्हणून ती वाचली. आता ललितचा कारखाना कडोदऱ्याला हलला होता, तो बायकोला घेऊन तिकडे निघाला होता. जुनी चाळ पाडायची म्हणून मालकाने घर सोडायला सांगितलेलं. म्हणजे नव्या खोलीत दोघंच. पुन्हा दम लागला तर? हा प्रश्न तिला जेवू देत नव्हता, आणि नवऱ्यापुढे तो काढायची तिला भीती वाटत होती.

पहिली खोली नवागाममध्ये, मागांच्या कारखान्यावरच. जिना चढतानाच कठडा थरथरत होता. सुकदेवचा चेहरा मात्र खुलला.

"भारी शे!" तो ओरडला. तिथे सगळेच ओरडत होते. मालकही ओरडला, "काका, सांज सुधीमां कही देजो, बीजी पार्टी छे!" संध्याकाळपर्यंत कळवा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं त्याचं म्हणणं. सुकदेवने त्याच्या ओठांकडे बघून बरोबर मान डोलावली. इथे त्याचं बिंग कधीच फुटणार नव्हतं, म्हणून तर ती खोली त्याला हवी होती. उषाबाईला ते लख्ख दिसलं.

रातपाळीवाला माणूस खोली बघायला गेला की आधी आडवा होतो. दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं का, ते बघतो. सुकदेवही फरशीवर पंचा पसरून आडवा झाला आणि त्याने डोळे मिटले. उषाबाई स्वयंपाकघरात गेली, खाली बसली आणि वरवंटा फरशीवर आपटला. मग आणखी जोरात. ललित धावत आला. सुकदेव हलला नाही. मागांच्या थरथरीत तिचा ठोका कुठे विरून गेला, तिलाच कळलं नाही.

"हाईच खोली लेऊत," सुकदेव उठून म्हणाला. "मी शब्द दी टाकस."

"दुसरी पाहू, मंग," उषाबाई त्याच्या तोंडासमोर जाऊन म्हणाली.

दुसरी खोली डिंडोलीच्या आतल्या गल्लीत होती. इतकी शांत, की जिन्यावरून चढणारी मांजरसुद्धा ऐकू यावी. घरमालकीण पाठमोरी राहून पाण्याची वेळ सांगत होती. सुकदेवने दोनदा भलतंच उत्तर दिलं. बाईने वळून चमत्कारिक नजरेने पाहिलं. तो कानापर्यंत लाल झाला.

"माले नही करमाव आठे," तो म्हणाला. "चला."

"ऊन तं पाहा," उषाबाईने हट्टाने पंचा पसरला. तो चिडून आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून. ती स्वयंपाकघरात गेली. इथेही नाही कळलं तर आपण काय करायचं, हे तिने ठरवलंच नव्हतं. तिने वरवंटा उचलला आणि आपटला.

फरशीतून ठोका पाठीला लागल्यासारखा सुकदेव ताडकन उठून बसला. "काय पडनं?"

तो दारात आला. बायको फरशीवर बसलेली, हातात वरवंटा, गालांवर पाणी. माग बिघडला तर ज्याला तळपायातून कळायचं, त्याला हे समजायला वेळ लागला नाही.

"तुले माहित व्हतं?"

तिने होकारार्थी मान डोलावली. "माले दम लागना तं मी आसं ठोकसू," ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली.

तो बाहेरच्या खोलीत गेला, पंच्यावर आडवा झाला, पुन्हा भिंतीकडे तोंड करून.

"आखो ठोक," त्याने तिथूनच पुन्हा ठोकायला सांगितलं. "पन हयू. दम लागना म्हंजे तुना हातमा जोर कोठे राहस?"

उषाबाईने वरवंटा जेमतेम उचलला आणि हळूच, फरशीला टेकवल्यासारखा आपटला. पलीकडे सुकदेवने हात वर केला.