घाटातली प्रार्थना

मुलगा गेला त्यानंतरच्या रविवारी मी नवऱ्याबरोबर चर्चमध्ये गेले. प्रभूची प्रार्थना सुरू झाली, आणि 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ आली तशी माझी जीभ टाळ्याला चिकटली. आजूबाजूची मंडळी प्रार्थना म्हणत पुढं गेली. मी तिथंच राहिले.

पुण्याहून सांगलीला येताना, कराडच्या अलीकडं, महामार्गावर त्याच्या मोटरसायकलला कुणीतरी मागून उडवलं होतं. तो काही वेळ जिवंत होता, असं पोलीस म्हणाले. किती वेळ, जवळ कुणी होतं का, हे कुणालाच सांगता आलं नाही. सांत्वनाला आलेल्या बायका म्हणायच्या, "प्रभूनं त्याला जवळ बोलावलं." मी मान हलवायची आणि चहा टाकायला आत जायची.

शाळेतून मी नुकतीच निवृत्त झाले होते. दिवस सरता सरत नसे. आमच्या शेजारी कडेगावकडचे एक सुभेदार राहतात, पलटणीतून निवृत्त झालेले. ते रोज सकाळी कृष्णाकाठानं पळायला जात. एकदा फाटकाशी थांबून म्हणाले, "बाई, घरात बसून माणूस सडतंय. बूट घाला आन् चला माज्यासंगं."

मी का गेले, ठाऊक नाही. पहिल्या दिवशी चौकापर्यंतच धाप लागली. पण छाती इतकी जळत होती की दुसरं काही आठवलं नाही. मला तेच हवं होतं. मी रोज जाऊ लागले.

"पाय न्हाई, आदी मन थकतंय," सुभेदार सांगायचे. "समदा रस्ता बगू नगा. म्होरचा खांब बगा. तितं गेल्यावर त्याच्या म्होरचा."

एकदा त्यांनी विचारलं, "पळताना देवाचं नाव घेता का?"

"आमचं बोलणं बंद आहे," मी म्हणाले.

ते पुढच्या खांबापर्यंत पळत राहिले. मग म्हणाले, "बरं. पर श्वास घ्याचा इसरू नगा."

आमच्या चर्चचे पाळक घरी आले तेव्हा म्हणाले, विश्वास म्हणजेसुद्धा लांब पल्ल्याची धाव आहे. मी विचारलं, "तुम्ही कधी पळला आहात?" ते ओशाळले. भला माणूस. मला वाईट वाटलं, पण माफी मागणं जमलं नाही.

दुसऱ्या वर्षी सुभेदारांनी साताऱ्याच्या घाटातल्या शर्यतीत माझं नाव घातलं. अर्धी वाट चढ, अर्धी उतार. चढ मी खांबाखांबानं संपवला. उतारावर सुभेदार पुढं निघून गेले. एका वळणावर माझ्या पुढचा माणूस थांबला, कठड्यावर टेकला आणि हळूहळू खाली घसरला. चाळिशीचा असेल. तोंड राखेसारखं झालेलं. मागून येणाऱ्या एकानं ॲम्ब्युलन्ससाठी खाली धाव घेतली. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

त्यानं माझं मनगट धरलं. "ताई, जाऊ नका."

"नाही जात."

"काहीतरी बोला."

काय बोलणार? पुष्कळ वर्षं मी वर्गात बोलत आले, पण त्या वेळी एक वाक्य सुचेना. तोंडात आली ती प्रार्थनाच. त्याच्या हातात देवाचा लाल दोरा होता. त्यानं डोळे मिटून ऐकलं. ती ओळ आली आणि मी तीही म्हटली. मनाला शांती वगैरे काही वाटली नाही. हे शब्द खरे आहेत की नाहीत, याचा विचार करायलासुद्धा सवड नव्हती. त्याची पकड सुटत होती म्हणून मी म्हणत होते.

मग ती सुटलीच. एक तरुण पळणारी मुलगी, डॉक्टर होती, ती गुडघ्यांवर बसून त्याची छाती दाबत राहिली. गाडी आली, त्याला घेऊन गेली. सुभेदार उलटे चढून मला शोधत आले. "चला, चालत जाऊ," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी कळलं, तो गेला.

काही दिवसांनी त्याच्या बायकोनं कुठूनतरी नंबर मिळवून फोन केला. "शेवटी तुम्हीच होता ना जवळ?" मी सगळं सांगितलं, त्यानं मनगट धरलं तेही. प्रार्थना ख्रिस्ती होती, हे सांगताना मी जरा अडखळले. ती म्हणाली, "आवं, असू दे. कुणीतरी बोलत होतं न्हवं त्यांच्यासंगं." आणि मग पुष्कळ वेळ रडत राहिली. मी फोन कानाला धरून बसले.

त्यानंतर मी शर्यतीत उतरले नाही. सकाळी मात्र पळते. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर नवऱ्याशेजारी बसते. देवाशी पुन्हा बोलू लागले आहे, पण ते बोलणं गोड नाही. मुलाबद्दल विचारते, आणि उत्तर येत नाही. नवरा माझ्या हातात गीतांचं पुस्तक देतो, पान काढून.