गजूची जीप आणि आमची कार रेस

मित्रांनो, गेम माणसाला बिघडवत नाही, असं मी नेहमी भांडून सांगतो. नव्वदच्या दशकात इचोड्याच्या गेम पार्लरमध्ये मी आणि माझा मित्र गजू तासन्‌तास कार रेस खेळायचो.

आज दुपारी गजूच्याच प्रवासी जीपमध्ये बसलो. मागे कापूस वेचून परतणाऱ्या बाया होत्या. समोरून ट्रक येत असताना त्याने ओव्हरटेक केलं. ट्रक घासून गेला. बाया किंचाळल्या. गजू हसला.

"मरतो ना बे!" मी ओरडलो.

"काऊन भेऊन राह्यला? गेममंदी किती डाव मेलो आपण, लगेच उठलो ना!"

तो गंमत करत नव्हता. डिझेलला थांबताच मी चावी काढून घेतली, बायांना उतरवलं.

गजू शांतपणे म्हणाला, "दुसरी चावी घरी हाय."

सांगा, आता काय करू?